भगताने शीव ओलांडली

पितांबर भगताला जळगावचा एक नकाशा तोंडपाठ होता, आणि तो कुठल्या दुकानात विकत मिळणारा नव्हता. स्टँडवरची मुतारी कोणत्या अंगाला, बाजारामागची कितपत स्वच्छ, कुठल्या कापडवाल्याला रामराम घातला की तो मागच्या बोळाची कडी काढून देतो, हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. एसटीत तो दाराजवळची जागा धरी. लग्नात मांडवाच्या कडेची खुर्ची. पंगतीत तर तो बसेनासाच झाला होता, कारण भरल्या ताटावरून उठणं वाईट. लोक म्हणत, "भगतबाबा आता मोठे झाले, पंगत चालत नाही त्यांना." तो ओशाळून हसे आणि तसाच उपाशी घरी येई.

धरणगावच्या पुढे कपाशीच्या शिवारात त्याचं गाव. एरवी तो तुमच्याआमच्यासारखाच. तरुणपण जिनिंगमध्ये गेलं, कानानाकात कापसाचा तूस घेऊन. नंतर घरची थोडी शेती. पण आखाजीच्या दिवशी, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हा माणूस निराळाच व्हायचा. त्या दिवशी गावात मरीमातेची यात्रा आणि बारागाड्या. बैल सोडलेल्या बारा गाड्या एकीला एक बांधायच्या, त्यांत माणसं कणगीत दाणे भरावेत तशी भरायची, आणि भगताने कमरेला दोर घेऊन त्या ओढायच्या. दोन बाजूंना दोन बगले त्याला कमरेत धरून पळतात. डफ वाजतो, धूळ उडते, पोरीबाळी घरांच्या धाब्यांवर चढतात. पूर्वी तर गॅसबत्त्या असत, तमाशाचा तंबू असे, आणि गाड्या हलल्याशिवाय तमाशातली गणगौळण सुरू होत नसे. एवढा मान. एवढा मोठा प्रवेश सबंध तालुक्यात दुसऱ्या कुणाच्या वाट्याला नव्हता.

त्या प्रवेशाची तयारीही तशीच. आखाजीच्या आधी भगताला नवरदेवासारखी हळद लागते. मग त्याने मरीमातेच्या ओट्यावर राहायचं, घोंगडीवर निजायचं, सोवळं पाळायचं, आणि यात्रा होईस्तोवर गावाची शीव ओलांडायची नाही. रंगपटातले जुने लोक सांगत, तोंडाला रंग लागला की अंगातला ताप उतरतो. हळदीचं पितांबरला तसंच वाटे. जिनिंगमध्ये पाठ धरलेली असो की घरात भांडण झालेलं असो, गालाला हळद लागली की सगळं विंगेत राहायचं.

अलीकडे मात्र एक गोष्ट विंगेत राहत नव्हती.

सुरुवात कधी झाली ते त्यालाही सांगता आलं नसतं. धार बारीक झाली. उभं राहून वाट पाहावी लागू लागली. शेजारी उभा राहिलेला माणूस येऊन, उरकून, बिडी पेटवून निघून जाई, तरी हा आपला भिंतीकडे बघत उभा. उरकलं म्हणून वळावं तर धोतरात थेंब. आणि घाई आली की अशी, की गोठ्यापर्यंत पोहोचणं मुश्कील. रात्रीची झोप तर अशी तुकड्यातुकड्यांची झाली की सकाळी तो उठायचा तोच दमलेला. वखरामागे चालताना त्याला उभ्या उभ्या झापड येई. वच्छलाबाईने, त्याच्या बायकोने, काही न बोलता त्याची खाट दाराशी ओढून ठेवली होती. धोतरं रोज दोन-दोन धुवायला पडत, तीही ती बिनबोभाट धुवत असे.

"उन्हाळी लागनी," तो सांगे. खानदेशात लघवीला काहीही झालं की उन्हाळी. मग धन्याचं पाणी, सब्जा, कुळथाचं कढण, कुणीतरी दिलेली पानफुटीची पानं. पण धन्याचं पाणी प्यालं की पुन्हा फेऱ्या. शेवटी त्याने पाणीच कमी केलं. वैशाखात, जिथे सावलीतली कुत्रीसुद्धा जिभा काढून पडतात, तिथे हा माणूस तांब्याकडे पाठ करून बसू लागला.

गावात झुलाल नावाचा टेम्पोवाला होता. त्याच्या टेम्पोपेक्षा त्याची जीभ वेगात. एकदा पारावर त्याने सगळ्यांदेखत विचारलं, "भगतबाबा, धोतर वलं कसं काय? दिनमां कितल्या आंघोया करतस?"

पार हसला. पितांबरही हसला. पण त्या दिवसापासून तो पारावर गेला नाही.

खरी भीती हसण्याची नव्हती. खरी भीती गिरधरकाकाची होती. पितांबरच्या आधी गाड्या ओढायचा तो हाच काका. छाती अशी की तिच्यावर माणूस झोपावा. शेवटी शेवटी त्याचीही लघवी अडायची. त्याला गोठ्यामागच्या खोलीत ठेवलेलं, दार लोटलेलं. पाय सुजले, अन्न जाईना, आणि एक दिवस तो गेला. डॉक्टर कुणी आणला नाही, कारण गावाने निदान आधीच करून टाकलं होतं: व्रतात काहीतरी चुकलं, देवी कोपली. ज्याने आयुष्यभर गाव खांद्यावर घेतलं त्याच्या मयतीला लोक कुजबुजत उभे होते. पितांबरने ती कुजबुज ऐकली होती. आपल्यालाही तेच दुखणं लागलं, हे कळताच त्याने ओठ शिवले.

तर यंदाची आखाजी जवळ आली. हळद लागली. दोन बगले ठरलेले: एका बाजूला त्याचा लहानपणचा जोडीदार नवल, दुसऱ्या बाजूला पुतण्या अमृत, जो जळगावला पाइपच्या कंपनीत होता आणि रजा काढून आला होता. ओट्यावर कुणीतरी भक्तिभावाने मोठा पंखा आणून लावला. वारा आणि धूळ खाऊन पितांबरचं नाक वाहू लागलं. नवलने मेडिकलवरून सर्दीच्या गोळ्या आणून दिल्या. "घे, भो. नाक पुसत गाड्या वढशी का?"

त्याने गोळी घेतली. रात्री पुन्हा घेतली.

सकाळी तो आडोशाला गेला आणि काहीच झालं नाही. थोड्या वेळाने पुन्हा गेला. मग पुन्हा. ओटीपोटात दगड भरल्यासारखं झालं. ऊन चढलं तसा तो दगडही चढला. इकडे ओट्यासमोर दर्शनाची रांग. बायका भगताच्या पाया पडत होत्या, लेकरं त्याच्या मांडीवर ठेवत होत्या. एक लेकरू पोटाशी टेकलं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी त्याने हात वर करून आशीर्वाद दिला. घामाने हळद गळ्यावर ओघळत होती. लोकांना वाटलं, अंगात आलं. कुणीतरी "बोल मरीमाता की" अशी आरोळीसुद्धा दिली.

वच्छलाबाई नैवेद्य घेऊन आली, तिने एकदा बघितलं आणि ताट खाली ठेवलं.

"तुमले काय व्हई ऱ्हायनं? तोंड दखा आरसामां."

"काही नही. उन्हाळी."

"हिवाळामां बी उन्हाळीच व्हती तुमनी!" तिने रांगेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "जाई ऱ्हायना का?"

त्याने मान हलवली. नाही.

"कवयपाईन?"

"सकायपाईन. थेंब नही."

तिने ताट बाजूला सारलं. मग तिने रांगेतल्या बायकांना सांगितलं की भगत आता थोडा पडणार आहे, आणि ओट्यावरची चादर आडवी ओढली. पडदा पडला म्हणा. पडद्यामागे तिने नवलला बोलावून घेतलं.

नवल आला. त्याने ऐकलं. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग तो खाली बसला आणि पितांबरच्या पायाला हात लावून बोलला, "चाल, भो. आतेना आते चाल. हाई थांबानं काम नही."

"तुले काय मालूम?"

"मालूम शे." नवल जमिनीकडे बघत होता. "दोन वरीसपाईन गोयी खाई ऱ्हायनू मी. जळगावना डॉक्टरनी. तेन्ही सांगेल शे, बिलकुल बंद व्हयनी तं एक घडी थांबू नको."

पितांबर त्या वेदनेतही उठून बसला. "दोन वरीस? आन् माले सांगं नही तू?"

"तू सांगं का माले?"

 वर्षानुवर्षं या दोघांनी एकमेकांच्या कमरेला हात घालून गाड्या ओढल्या होत्या. एकाच्या कमरेत काय दुखतं ते दुसऱ्याच्या हाताला कळलं नव्हतं.

"हयद लागेल शे माले," पितांबर म्हणाला. त्याचा आवाज थकलेला होता, फक्त थकलेला. "शीव कशी वलांडू? गिरधरकाकाले काय म्हने गाव, इसरना का तू? ऱ्हाऊ दे. गाड्या व्हई जाऊ दे, मंग दखसूत."

"गाड्या परवा शेत," वच्छलाबाई म्हणाली. "परवालोंग तुम्ही नही ऱ्हावाव."

अमृतकडे फक्त मोटारसायकल होती, आणि पितांबरला तिच्यावर बसवणं शक्य नव्हतं. दर्शनाच्या गर्दीत चार चाकांची एकच गाडी मोकळी उभी होती, झुलालची. पितांबरने डोळे मिटून घेतले. "तेन्हा टेम्पोमां? सांजलोंग बठ्ठा तालुकाले कयी जाई."

"कयू द्या," ती म्हणाली आणि पदर खोचून स्वतःच झुलालला बोलवायला गेली.

टेम्पोत गोदड्या टाकल्या. पितांबर कुशीवर वळला, गुडघे पोटाशी. वच्छलाबाईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, नवल पायाशी बसला. अमृत मोटारसायकलवर मागून येत होता. झुलालने एकदा मागे वळून पाहिलं, तोंड उघडलं, आणि मिटलं.

गावाबाहेर निंबाखाली शिवेचा दगड आहे, शेंदूर फासलेला. तिथे पितांबरने हाताने थापटून टेम्पो थांबवायला लावला. नवलने आणि बायकोने त्याला काखेत धरून उतरवलं. तो वाकलेलाच उभा राहिला. त्याने अमृतला जवळ बोलावलं. मग स्वतःच्या गालावरची घामाने भिजलेली हळद तळव्याने पुसली आणि पुतण्याच्या दोन्ही गालांवर लावली. कपाळावर लावली. उरलेली त्याच्या दंडावर.

"आते तू भगत."

अमृत गडबडला. "काका, मी तं... माले जमी का?"

"माले बी असंच वाटे." पितांबरने दम घेतला. "तू आते माघारी फिर. तुले शीव नही वलांडता येणार."

पोरगा तिथेच दगडाजवळ उभा राहिला, दोन्ही हात लोंबकळत, गाल पिवळे. आणि हळद पुसलेला पितांबर शीव ओलांडून जळगावला गेला. आयुष्यात पहिल्यांदा, रंग उतरलेला असताना, त्याला आपण म्हातारे झालो आहोत असं वाटलं.

दवाखान्यात फार विचारपूस झाली नाही. पोटावर हात ठेवून डॉक्टरांनी नर्सला हाक मारली. नळी टाकली तेव्हा क्षणभर तो ओरडला. मग पिशवी भरू लागली. भरतच राहिली. तो छताकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून कानांकडे पाणी वाहत होतं. त्याला त्याची लाज वाटली नाही. इतकं हलकं त्याला गाड्या ओढून झाल्यावरही कधी वाटलं नव्हतं. त्याला नुसती झोप हवी होती, आणि पुष्कळ दिवसांनी ती अखंड मिळाली.

संध्याकाळी डॉक्टर पुन्हा आले, स्टूल ओढून बसले. वयाने पितांबरच्या मुलासारखे.

"बाबा, बऱ्याच दिवसांचं दिसतंय हे. सांगितलं का नाही?"

"उन्हाळी वाटनी."

"वाटणारच. बापाच्या पिढीपासून आपण तेच ऐकतो." त्यांनी मूठ वळून दाखवली. "हे बघा. लघवीची पिशवी जिथे संपते तिथे नळीभोवती ही एक गाठ असते. प्रोस्टेट म्हणतात. सगळ्या पुरुषांना असते, देवाने दिलेली. वय झालं की ती फुगते आणि नळी आवळते. बस. धार बारीक होणं, रात्री उठणं, पूर्ण मोकळं न वाटणं, सगळं त्यातूनच. मी बोटाने तपासलं, मऊ लागते, खडबडीत नाही. बहुतेक साधीच वाढ आहे. तरी रक्ताची तपासणी करू, पण आता नको. आता लघवी तुंबलेली, नळी टाकलेली, आकडा उगाच चढलेला येईल आणि तुम्ही घाबराल. काही आठवड्यांनी करू."

"म्हंजे... कॅन्सर?"

"मी तसं म्हटलं नाही. साध्या वाढीचा पुढे कॅन्सर होत नाही. पण कॅन्सरही त्याच गाठीत होऊ शकतो, आणि सुरुवातीला तो बोलत नाही, म्हणून बघून घ्यायचं. लवकर सापडला तर त्यालाही उपाय आहेत." ते नवलकडे वळले. "आधी काही औषध घेतलं होतं का यांनी?"

नवल खाकरला. "सर्दीनी गोयी. मीच आनी दिन्ही."

"तीच नडली. त्यातल्या काही औषधांनी या वयात लघवी अडते. आणि पाणी तोडलं होतं ना, बाबा? ओठ बघा तुमचे. पाणी तोडायचं नाही. दिवसा प्यायचं, झोपायच्या आधी थोडं कमी, एवढंच."

पितांबरने चादर छातीपर्यंत ओढली. मग बायको ऐकत असताना, तिच्याकडे न बघता, त्याने विचारलं, "ऑपरेशन... मानूस उरस का त्यानंतर?"

"आधी गोळ्या. काही दिवसांनी नळी काढून बघू, पुष्कळांची लघवी सुरू होते. नाहीच झाली तर दुर्बिणीतून करू, पोट फाडायचं नाही. त्यानंतर काय बदलतं आणि काय बदलत नाही ते मी तुम्हाला दोघांना बसवून सांगेन, काही लपवणार नाही. पण माणूस उरतो. लघवी तुंबवून बसला तर मात्र दाब मागे मूत्रपिंडांवर जातो, आणि मग उरत नाही."

"पाय सुजतस?"

"सुजतात."

पितांबरने मान भिंतीकडे वळवली. देवी कोपली नव्हती तर. गोठ्यामागच्या खोलीचं दार कुणी उघडलं नव्हतं, एवढंच.

आखाजीच्या दिवशी दुपारी त्याला सोडलं. नळी तशीच, पिशवी मांडीला बांधलेली. निघताना डॉक्टरांनी बजावलं: ताप, थंडी, पिशवीत लाल रंग, किंवा थेंब पडायचा बंद झाला, तर यात्रा असो की लग्न, त्याच दिवशी यायचं. वच्छलाबाईने जुन्या खणाची एक झोळी शिवून पिशवी तिच्यात घातली, वरून धोतर सोडलं. कुणाला दिसायचं नाही.

गावात डफ वाजत होता. गाड्या जोडून तयार होत्या. शेवटच्या गाडीजवळ पितांबर थांबला. लोक वर चढा म्हणत होते. पण तो पाय उचलेना. त्याने बायकोच्या कानाशी तोंड नेलं. अशा विटाळल्या अंगाने मरीमातेच्या गाडीत कसं बसायचं?

वच्छलाबाई दमलेली होती. दवाखान्याच्या बाकावर बसून तिचीही कंबर धरली होती. "तिले आपन माय म्हनतस ना?" ती म्हणाली. "मायले लेकरूना मूतना इटाय ऱ्हास का कधी? चढा."

तो चढला. इतकी वर्षं त्याने ज्या गाड्या ओढल्या, त्यांच्यात बसायची ही पहिली वेळ. पुढे, खूप पुढे, धुळीत अमृतची पिवळी पाठ दिसत होती. एका बाजूला नवल, दुसऱ्या बाजूला गावातलाच कुणी तगडा गडी. दोर ताणला गेला. आधी काहीच हललं नाही, आणि पितांबरच्या कमरेचे स्नायू आपोआप आवळले. मग लाकूड करकरलं, चाक हललं, आणि माणसांचा एकच आवाज उठला. पोरगा घाई करत होता, पाऊल आखूड टाकायला हवं होतं. पण ओढत होता. पितांबरने हळूहळू अंग सैल सोडलं.

शेजारी कुणीतरी अंग चोरून सरकलं. झुलाल होता. गेले दोन दिवस पितांबर गावाच्या कुजबुजीची वाट बघत होता, आणि ती आली नव्हती. झुलालने गावात कुणाला काय सांगितलं? उष्माघात. ऊन लागलं भगताला.

गाड्यांच्या गोंगाटात त्याने पितांबरच्या कानाशी तोंड आणलं. आवाज पारावरचा नव्हता.

"भगतबाबा, तो डॉक्टर... रागे भरस का?"

पितांबरने त्याच्याकडे पाहिलं. झुलालच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, तुकड्यातुकड्यांच्या झोपेची. ती त्याला ओळखीची होती.

"कवयपाईन?" पितांबरने विचारलं.

"गये वरीसपाईन." झुलालने इकडेतिकडे बघितलं. "आन् एकदा लाल बी दिखनं. कोनले सांगू नका."

"ते थांबाडानं नही, येडा," पितांबर म्हणाला. "सकायले टेम्पो काढ. मी येस तुनासंगे."

"तुम्ही? आशे हालतमां?"

"माले त्या दवाखानानी वाट मालूम शे." त्याने झोळी मांडीवर नीट घेतली, गाडीच्या दांडीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. गाड्या अजून चालत होत्या.